बर्फावरील वाट

शहरात राहणाऱ्या मनुष्यास बर्फ म्हटले की सरबताच्या पेल्यातील तुकडा आठवतो, किंवा फार तर चित्रातील हिमालय. बर्फावर चालावयाचे कसे, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाही. परंतु पृथ्वीच्या उत्तरेकडील देशांत वर्षातील पाच-सहा महिने हाच जीवनमरणाचा प्रश्न होता. गुडघाभर, कमरेइतक्या भुसभुशीत हिमात मनुष्याचा पाय रुतला, तर त्याचे सरपण, शिकार, शेजार सारेच थांबले. ही अडचण ज्या कोणा अज्ञात पुरुषाने पायांस दोन लांब फळ्या बांधून दूर केली, त्याचे नाव इतिहासास ठाऊक नाही. त्याची फळी मात्र सापडली आहे. स्वीडनमधील काल्व्ह्ट्रेस्क येथील दलदलीत १९२४ साली मिळालेल्या स्की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. म्हणजे आज जो श्रीमंतांचा हिवाळी खेळ समजला जातो, तो मुळात गरिबांचा जोडा होता.

या जोड्याचा खेळ झाला तो नॉर्वेमध्ये. टेलेमार्क प्रांतातील मोर्गेदाल या खेड्यात १८२५ साली सोंद्रे नोरहाइम याचा जन्म झाला. तो एक गरीब शेतमजूर. तोपर्यंत स्की केवळ पायाच्या बोटांजवळ एका पट्ट्याने अडकवीत. उतारावर वळावयाचे म्हटले की पाय एकीकडे आणि फळी दुसरीकडे. नोरहाइमने टाचेमागून वळसा घेणारा पिळलेल्या फांद्यांचा बंध वापरला आणि फळीचा मधला भाग कंबरेसारखा अरुंद केला. एवढ्याशा सुधारणेने फळी पायाच्या आज्ञेत आली. १८६८ साली ख्रिस्तियानिया म्हणजे आजचे ओस्लो येथील स्पर्धेत या चाळिशी ओलांडलेल्या खेडुताने राजधानीतील तरुणांस थक्क केले. ‘स्लालोम’ हा आज जगभर रूढ असलेला शब्दही मोर्गेदालच्या बोलीतलाच. उतारावरील वाट असा त्याचा अर्थ. कीर्ती लाभली, पण दैन्य सुटले नाही. १८८४ साली नोरहाइम अमेरिकेस गेला आणि १८९७ साली नॉर्थ डाकोटाच्या सपाट माळरानात त्याचे देहावसान झाले. उतारांच्या या राजास अखेरीस उतारच उरला नाही.

तथापि नॉर्वेबाहेरच्या जगाचे डोळे उघडले ते फ्रित्यॉफ नान्सेनच्या पराक्रमाने. १८८८ साली सहा माणसांची तुकडी घेऊन तो ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडण्यास निघाला. त्याच्या आधीचे प्रवासी पश्चिमेच्या वसाहतींकडून आत शिरत आणि संकट येताच मागे फिरत. नान्सेनने निर्मनुष्य पूर्व किनाऱ्याकडून प्रारंभ केला. मागे घर नाही, अन्न नाही. असेल ती वस्ती पुढेच, अशी त्याने स्वतःची कोंडी करून घेतली. ही योजना आततायी वाटते. परंतु तिच्यामागे स्लेजच्या वजनापासून अन्नाच्या हिशेबापर्यंत दीर्घ तयारी होती. शिवाय सहांपैकी सामुएल बाल्टो आणि ओले राव्ना हे दोघे सामी जमातीतील होते. त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या हिमावरच संसार केला होता. ऑक्टोबरच्या आरंभी नान्सेन पश्चिम किनाऱ्यावरील गोथोब येथे पोहोचला. त्याच्या प्रवासवर्णनाची भाषांतरे झाली आणि मध्य युरोपात घरोघरी लोक नॉर्वेहून स्की मागवू लागले.

अशा वाचकांपैकी एक होता माथियास झदार्स्की. चित्रकार, शिक्षक आणि एकांतप्रिय असा हा गृहस्थ ऑस्ट्रियातील लिलियनफेल्डजवळ डोंगरात राहत असे. नॉर्वेच्या लांबलचक स्की त्याने पायांत चढविल्या आणि त्यास कळून चुकले की, सौम्य टेकड्यांचे हे साधन आल्प्सच्या कड्यांवर निरुपयोगी आहे. त्याने फळ्या आखूड केल्या, पोलादी बंध बनविले, आणि कित्येक हिवाळे एकट्यानेच उतारांवर प्रयोग करून तीव्र चढणीवरही वेग हातात ठेवण्याची रीत बसविली. १८९६ च्या सुमारास त्याचे पुस्तक निघाले. १९ मार्च १९०५ रोजी मुकेनकोगेल डोंगरावर त्याने २४ जणांची जी परीक्षा घेतली, तिला आल्प्समधील पहिली स्लालोम शर्यत मानतात.

इकडे स्वित्झर्लंडमध्येही एक गमतीचा प्रसंग घडत होता. शेरलॉक होम्सला राइखेनबाखच्या धबधब्यात ढकलून मोकळे झालेले आर्थर कॉनन डॉयल पत्नीच्या क्षयावर हवापालट म्हणून दाव्होस येथे राहिले होते. तेथील ब्रांगर बंधूंनी स्की मिळवून रात्री अंधारात, लोकांच्या थट्टेपासून दूर, त्यांचा सराव केला होता. २३ मार्च १८९४ रोजी हे दोघे बंधू आणि डॉयल पहाटेच निघाले आणि मायनफेल्डर फुर्का ही सुमारे २,४४० मीटर उंचीची खिंड ओलांडून आरोसा गावी उतरले. एका तीव्र उतारावर स्कीचा नाद सोडून डॉयलना बसल्या बसल्याच घसरत जावे लागले, आणि त्यांच्या विजारीची जी दशा झाली तिचे वर्णन त्यांनीच पुढे मोठ्या विनोदाने केले. हॉटेलच्या नोंदवहीत व्यवसायाच्या रकान्यात टोबियास ब्रांगरने त्यांच्या नावापुढे ‘खेळाडू’ असे लिहिले. ही पदवी डॉयलना मनापासून आवडली. एक दिवस शेकडो इंग्रज या खेळासाठी येथे येतील, हे त्यांचे भाकीत थोड्याच वर्षांत खरे ठरले. १८९७ साली विल्हेल्म पाउल्के आणि त्याच्या सोबत्यांनी बर्नच्या हिमशिखरांमधून स्कीवर प्रवास केला, आणि हिवाळ्यात कडीकुलूप लावलेला आल्प्स मनुष्यास खुला झाला.

परंतु पहाडी लोक हिवाळ्यात वर का जात नसत, याला कारण होते. ते कारण म्हणजे हिमलोट. उतारावरचा बर्फाचा थर एकाएकी सुटतो आणि खालचे सर्व काही गाडून टाकतो. जुने लोक त्यास दैवी कोप समजत. योहान कोआट्स या स्विस वनाधिकाऱ्याने १८८१ साली आपल्या देशातील हिमलोटांवर ग्रंथ लिहून त्याकडे निसर्गाची घटना म्हणून पाहण्याचा पायंडा पाडला. तरीही ज्ञान तोकडेच होते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या फौजा आल्प्सच्या शिखरांवर समोरासमोर ठाकल्या, तेव्हा दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक शत्रूच्या गोळीने नव्हे, तर बर्फाखाली गुदमरून मेले. त्या फौजेत पर्वतविषयक सल्लागार म्हणून झदार्स्की होता. २८ फेब्रुवारी १९१६ रोजी गाडल्या गेलेल्या सैनिकांच्या सुटकेसाठी गेला असता तो स्वतःच हिमलोटात सापडला. हाडे मोडणे आणि सांधे निखळणे मिळून सुमारे ८० इजा त्यास झाल्या. ज्याने मध्य युरोपास उतारावर उतरावयास शिकविले, त्यासच उताराने चिरडले. त्या वेळी त्याचे वय साठीला टेकले होते. तो वाचला, पुन्हा चालू लागला, पुन्हा स्कीवर उभा राहिला, आणि उरलेल्या आयुष्यात त्याने हिमलोटांचा अभ्यास करून त्यांवर लेखन केले.

बर्फ हा पदार्थ स्थिर नसतो, ही गोष्ट या अभ्यासकांनी शिकविली. दाव्होसच्या वरच, वाइसफ्लुयोख या सुमारे २,६६० मीटर उंचीच्या ठिकाणी १९३६ साली काही शास्त्रज्ञ एका लाकडी झोपडीत काम करू लागले. डॉयल ज्या गावातून निघाले, त्याच गावच्या माथ्यावर बेचाळीस वर्षांनी ही प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे दिसून आले की, थराच्या तळाशी जमिनीची ऊब असते आणि माथ्यावर कडाक्याची थंडी. या दोहोंमधील फरकाने वाफ वर सरकते, आणि तळाचे नाजूक हिमकण बदलून जाडसर साखरेसारखे, एकमेकांस न चिकटणारे होतात. त्यांवर वाऱ्याने घट्ट बसविलेला नवा थर येतो. राळ्याच्या दाण्यांवर शहाबादी फरशी ठेवून ती तिरकी धरावी, तशी ही रचना होय. मनुष्याचा एक पाय पडतो, फरशी तडकते आणि दाण्यांवरून निसटते. पन्नास मीटर लांब, तेवढाच रुंद आणि अर्धाच मीटर जाड तुकडा घेतला, तरी त्याचे वजन २५० टनांच्या आसपास भरते. आणि सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, स्कीपटू ज्यांत सापडतात त्यांपैकी दहांतले नऊ हिमलोट त्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्याच भाराने सुटतात.

१९४५ पासून या संस्थेने हिमलोटांचे इशारे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तरीही १९५०-५१ च्या भीषण हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ जणांचा बळी गेला; त्यानंतर गावांच्या वर कुंपणे उभारण्याचे आणि धोक्याच्या जागी घरे न बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. १९९३ साली युरोपातील देशांनी धोक्याचे पाच अंश एकमताने ठरविले. गाडलेल्या माणसास शोधण्याचे साधनही निघाले. १९६८ साली अमेरिकेतील जॉन लॉटन याने खिशात मावणारे प्रेषकयंत्र तयार केले, आणि त्यास हिवाळ्याची व स्कीची प्राचीन नॉर्स देवता स्काडी हिचे नाव दिले. हे यंत्र सतत सूक्ष्म संकेत सोडीत असते. सोबती आपापली यंत्रे ग्राहक करून त्या संकेतामागे जातात, लांब काठीने बर्फ चाचपतात आणि फावड्याने उपसतात. वेळ मात्र फार थोडा असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जगतात. अर्धा तास लोटल्यावर बहुतेक गतप्राण झालेले आढळतात. दरीतून मदत येईपर्यंत हा अवधी संपलेला असतो. सबब, डोंगरात मनुष्याचा खरा त्राता त्याचा सोबतीच.

भारतासही या इतिहासाचा स्पर्श झालेला आहे. काश्मीरमधील गुलमर्ग येथे १९२७ साली ब्रिटिशांनी स्की क्लब स्थापन केला, आणि स्वातंत्र्यानंतर तेथेच भारतीय सैन्याची पर्वतीय युद्धशाळा आकारास आली. हिमलोटांच्या अभ्यासासाठी १९६९ साली मनाली येथे सरकारी संस्था निघाली. पुढे दोरवाट झाली, आणि बर्फ पाहावयास जाणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांनाही गुलमर्ग परिचयाचे झाले. परंतु ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच परिसरात सराव करणाऱ्या तुकडीवर हिमलोट कोसळून किमान १७ जवान मृत्युमुखी पडले. ज्यांचे काम बर्फ जाणण्याचेच, त्यांच्यावरही ही पाळी आली.

म्हणून आजचा जाणता स्कीपटू आदल्या संध्याकाळी इशारापत्र वाचतो. लोकरीचे थर अंगावर चढवितो. घामाने भिजून गारठणारे सुती वस्त्र टाळतो. फळ्यांच्या तळाशी, पूर्वी सीलच्या कातड्याचे असत तसे, केसाळ पट्टे लावून तासन्‌तास चढतो. तीस अंशांहून अधिक तीव्र उतार आला की सर्वांस थांबवून एकेकटा पलीकडे जातो. फावड्याने खड्डा खणून थर पाहतो, आणि तळाशी साखर लागली तर शिखर शंभर पावलांवर असले तरी परततो. परतीची वाट त्याने सकाळीच हेरून ठेवलेली असते: देवदारांमधील सौम्य उतार, रात्री पडलेले अस्पर्श हिम. पट्टे सोडून तो तेथे उभा राहतो, मागचा सोबती यंत्र चालू असल्याची खूण करतो, आणि मग दोघे मिळून खाली उतरू लागतात.