बंदूक परवाना नूतनीकरण : काडतूस आणि दारूचा हिशेब कसा ठेवावा?

सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे गावोगावी शेती संरक्षणाच्या बंदुका आहेत. कुणाकडे काडतुसाची, तर कुणाकडे आजोबापणजोबांपासून चालत आलेली ठासणीची. भात, नाचणी, केळीत रानडुक्कर आणि माकडं घुसतात म्हणून हे परवाने घेतलेले असतात. बंदूक जपून ठेवली जाते, पण दारूगोळ्याचा हिशेब कुणी लिहून ठेवत नाही. नूतनीकरणाच्या वेळी 'घेतलं किती आणि उरलं किती' असं विचारलं की मग आठवणीवर सांगावं लागतं. तिथेच गडबड होते.

परवाना किती वर्षांचा?

शस्त्र कायदा 1959 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली. त्यानंतर परवान्याची मुदत 3 ऐवजी 5 वर्षं झाली. तरी आपल्या परवान्यावर छापलेली तारीख बघावी, तीच खरी. मुदत संपल्यावर बंदूक घरात ठेवणं बेकायदेशीर ठरतं. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. म्हणून नूतनीकरणाचा अर्ज तारखेच्या दोन-तीन महिने आधीच करावा. ग्रामीण भागात परवान्याचं काम जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं.

वही कशी आखावी?

दुकानदार विक्रीची नोंद परवान्यावर करतो. म्हणजे घेतलेल्या मालाचा पुरावा सरकारकडे असतो. वापरलेल्या मालाचा पुरावा मात्र परवानाधारकानेच ठेवायचा असतो. साधी शंभर पानी वही पुरते. रकाने असे करावेत : तारीख, आलेला माल, वापरलेला माल, शिल्लक, कशासाठी वापरला, सही. खरेदीची पावती त्याच पानाला टाचावी.

उदाहरण घ्या. 25 काडतुसं घेतली, वर्षभरात 9 वापरली, तर 16 शिल्लक हवीत. घरात 14 निघाली तर दोन कुठे गेली याचं उत्तर द्यावं लागेल. 'शेजाऱ्याला दिली' हे उत्तर चालणार नाही, उलट तेच अंगाशी येईल. शेजारी कितीही जवळचा असला तरी काडतुसांचं उसनं देणं-घेणं करू नये. चालली नाहीत, भिजली, तरी ती फेकू नयेत. तशी नोंद करून बाजूला ठेवावीत. रिकामी टरफलंही जपून ठेवावीत.

ठासणीच्या बंदुकीचं काय?

काडतूस मोजता येतं, दारू मोजता येत नाही. ठासणीची बंदूक दर बाराला नव्याने भरावी लागते, त्यामुळे इथे हिशेब वजनाने ठेवायचा. रिकाम्या डब्याचं वजन आधीच लिहून ठेवावं. महिन्याच्या शेवटी डबा झाकणासकट काट्यावर ठेवून त्यातून डब्याचं वजन वजा करावं. मागच्या महिन्यात 500 ग्रॅम दारू होती आणि आता 430 भरली, तर 70 ग्रॅम वापरली. त्या महिन्यात किती बार काढले तेही शेजारी लिहावं. केपा नगावर मोजाव्यात, छर्रे वजनावर.

पावसाळ्यात दारूला दमट लागते. ती चुलीजवळ किंवा उन्हात सुकवायला कधीच ठेवू नये. घरं जळतात, माणसं जातात. भिजलेल्या दारूचं काय करायचं ते पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याला विचारावं.

घरी काडतूस भरू नये

वापरलेल्या टरफलात पुन्हा दारू-छर्रे भरून पैसे वाचवायचा मोह काही जणांना होतो. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस तयार करायचा परवाना नव्हे. कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. तो नसताना बनवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

'कशासाठी' हा रकाना रिकामा ठेवू नका

शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे परवानगीशिवाय रानटी जनावर मारणं गुन्हा आहे. वनविभागाची लेखी परवानगी असेल तर तिचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहावी. नुसता हवेत बार काढून डुकरं हाकलली असतील तर तसंच लिहावं. उद्या जवळपास एखादं जनावर मेलेलं सापडलं आणि चौकशी आली, तर तारखेवार लिहिलेली वहीच परवानाधारकाच्या उपयोगी पडेल.

आणखी काही

- निवडणुकीत बंदूक जमा केली तर पावती घ्यावी. सोबत किती काडतुसं दिली हे पावतीवर आणि वहीत लिहिलेलं असावं.
- बंदूक किंवा काडतुसं हरवली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कळवावं.
- परवाना वडिलांच्या नावावर असेल तर मुलाने बंदूक परस्पर वापरू नये. वडील थकलेले असतील तर नूतनीकरणासाठी मुलगा बंदूक नेऊ शकतो, पण सोबत वडिलांचं लेखी अधिकारपत्र हवं.
- मागची नोंद नसेल तर एका बैठकीत पाच वर्षांचा खोटा हिशेब लिहू नये. आज आहे ती शिल्लक मोजून, तारीख टाकून, तिथून सुरुवात करावी.

बार काढून घरी आल्यावर बंदूक पुसायची सवय सगळ्यांना असते. पुसून झाली की एक ओळ वहीत लिहायची, एवढीच सवय वाढवायची आहे.