सोलापूरचा डॉक्टर चीनमध्ये कसा राहिला?



आपल्या गटांतल्या किती तरी घरांतलं कुणी ना कुणी आज बाहेरदेशी आहे. कुणाचा मुलगा दुबईत गाडी चालवतो, कुणाची भाची आखातात नर्स आहे, कुणाचा पुतण्या कंपनीनं अमेरिकेला पाठवलाय. फोन आला की आपण पगाराचं नंतर विचारतो. आधी विचारतो, "जेवलास का? काय खाल्लंस?" मग झोपायची सोय कशी आहे, थंडी किती आहे, सोबतीला कोण आहे. आज मी हेच प्रश्न डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल विचारणार आहे.

सोलापुरात भैया चौकाजवळ त्यांचं घर आहे, तिथं आता स्मारक केलेलं आहे. नाव सगळ्यांना माहीत असतं. शाळेत आपण शिकतो की ते चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली आणि तिथंच वारले. पण ते तिथं चार वर्षांहून जास्त राहिले. एवढ्या दिवसांत रोज सकाळी उठून माणूस काहीतरी खातो, कुणाशी तरी बोलतो, कुठं तरी पाठ टेकतो. पुतळ्याकडं बघून यातलं काही कळत नाही.

१० ऑक्टोबर १९१०चा त्यांचा जन्म. वडील शांताराम कोटणीस सोलापुरातच गिरणीत नोकरीला. गिरणीच्या भोंग्यावर उठणारं आणि झोपणारं हे गाव, आणि १९३० साली इंग्रजांनी जिथं मार्शल लॉ पुकारला तेही हेच. द्वारकानाथ त्या वर्षी वीस वर्षांचे होत होते. पुढं मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले.

चीनबद्दल घरात माहिती ती किती असणार? त्यांच्या बहिणीनं पुढं एकदा सांगितलं होतं, की आम्हाला चीनचं एवढंच ठाऊक होतं की तिकडची माणसं दारावर रेशमी कापड विकायला येतात. बस. आणि एक दिवस मुलगा म्हणतो, मी तिकडं लढाईच्या जागी चाललोय! आई नाराज होती, असंही त्या बहिणीनं सांगितलंय. ते मला पटतं. कुठली आई हसत पाठवेल?

झालं असं होतं. १९३७च्या जुलैत जपाननं चीनवर मोठी स्वारी केली. चिनी फौजेत डॉक्टर फार थोडे. सेनापती चु तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. पुढच्या साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी देशभर लोकांना आवाहन करून पैसे जमवले, आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं. प्रमुख डॉ. अटल, ते आधी स्पेनच्या लढाईत काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर वयानं सगळ्यांत मोठे. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. आणि आपले कोटणीस, वय अठ्ठावीसही पुरं नाही. १ सप्टेंबर १९३८ला मुंबईहून बोट सुटली. एका वर्षाची बोली होती.

कँटनच्या धक्क्यावर सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वतः त्यांच्या स्वागताला आल्या होत्या. पण महिनाभरातच कँटन जपान्यांच्या हाती गेलं. पथक पुढं हांकौला पोचलं होतं, तर तेही पडलं. मागं सरत सरत ही मंडळी चुंगकिंगला आली.

तिथं घरून बातमी आली, वडील गेले.

मैत्रिणींनो, आज निम्मी माणसं विमानानं दुसऱ्या दिवशी घरी येतात, आणि ज्यांना रजा मिळत नाही ती फोनवर तरी रडतात. कोटणीसांना यातलं काहीच शक्य नव्हतं. पत्रच इतकं जुनं होऊन हातात पडायचं की तोवर दिवसकार्यही उरकलेलं असायचं. परत जा, असं सोबत्यांनी सुचवलं. ते गेले नाहीत. कामाला आलोय, ते अजून सुरूसुद्धा झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. हा निर्णय सोपा होता असं म्हणून मोकळं होणाऱ्या भाषणांचा मला राग येतो. एका बाजूला सोलापुरात विधवा झालेली आई, दुसऱ्या बाजूला हजारो जखमी. त्यांनी एक निवडलं आणि दुसऱ्याचं ओझं बरोबर नेलं.

चुंगकिंगलाच त्यांना चिनी नाव मिळालं. चिनी जिभेला 'द्वारकानाथ शांताराम' कुठून जमणार! पाचही डॉक्टरांनी आपल्या नावाच्या शेवटी 'हुआ' हा शब्द घेतला. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले 'के ती-हुआ'. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात, बहुतेक वेळा तिला न विचारता. यांनी आपलं आपण बदलून घेतलं. नावाबरोबर भाषाही घेतली. आधी बोलायला शिकले, मग वाचायला-लिहायला, आणि पुढं तर डॉक्टरकीचे वर्ग ते चिनीतून घेऊ लागले. हजारो चित्रांसारखी अक्षरं, प्रत्येकाचा उच्चार चढउतारासकट पाठ करायचा. दुभाष्या होता ना, असं कुणी म्हणेल. पण दुखतंय कुठं, हे रोग्यानं दुभाष्याला सांगायचं आणि दुभाष्यानं डॉक्टरला, यात रोग्याचं निम्मं दुखणं गळून जातं. सुईणीला हे वेगळं सांगायला नको.

१९३९च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचलं. हा उत्तर चीनमधला कोरडा, पिवळ्या मातीचा डोंगराळ मुलूख. जपानी विमानांनी गावावर बाँब टाकलेले, त्यामुळं लोक डोंगरात कोरलेल्या मातीच्या खोल्यांत राहायचे. तोंडाला कमानीचा दरवाजा, खिडकीला कागद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात कसं वाटतं, तसंच. त्या मुलखातल्या घरांत झोपायला विटा-मातीचा ओटा असतो, त्याला खांग म्हणतात. चुलीचा धूर ओट्याच्या पोटातून फिरवून बाहेर काढायचा, म्हणजे एकाच सरपणावर स्वयंपाकही होतो आणि अंथरूणही तापतं. बाहेर पाणी गोठण्याची थंडी. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ती कशी लागली असेल!

आता खाणं. तिथलं रोजचं धान्य म्हणजे राळा. हो, आपण भोगीला ज्याचा भात करतो तोच. आपण वर्षातून एकदा आठवणीनं करतो, तिथं सकाळ-संध्याकाळ त्याची पेज किंवा भात. उत्तर चीनमध्ये काओलियांग नावाचं दुसरं धान्य पिकतं, ती म्हणजे आपली ज्वारीच. पण भाकरी नाही हो! तिथं पिठाचे गोळे वाफवतात. मालदांडीच्या गावचा माणूस ज्वारी समोर असूनही भाकरीशिवाय राहिला, हे मला सगळ्यांत अवघड वाटतं. सोबतीला कोबी, मुळा, खारवलेली भाजी. डोंगरात बोराच्या जातीची लाल फळं होतात, ती वाळवून ठेवतात. प्यायला गरम पाणी.

सुट्टीचं म्हणाल, तर येनानमध्ये शनिवारची संध्याकाळ मोकळी असायची. नाटकं व्हायची, सामुदायिक गाणी व्हायची, आणि फोनोग्राफ लावून नाचसुद्धा. मातीच्या जमिनीवर, जाड सुती कपड्यांत आणि कापडी बुटांत. सेनापती चु तेह, वय पन्नाशीच्या पुढं, तेही नाचायला उतरत. लढाईच्या मुलखात हे काय चाललंय, असं कुणाला वाटेल. पण गड्ड्याच्या यात्रेत दुष्काळाच्या सालीसुद्धा लोक पाळण्यात बसतातच की.

खऱ्या धाडसाच्या सफरी वेगळ्याच होत्या. १९३९च्या नोव्हेंबरात कोटणीस, अटल आणि बसू येनान सोडून आघाडीकडं निघाले. चोळकर आणि मुखर्जी तब्येतीमुळं तोवर मायदेशी परतले होते. शेकडो मैलांची वाट, कधी घोड्यावर, पुष्कळदा पायी. मधे जपान्यांच्या चौक्या आणि रेल्वेमार्ग. ते रात्री, न बोलता ओलांडायचे. औषधं आणि हत्यारं खेचरांच्या पाठीवर. पुढं अटलही परतले, आणि शेवटी त्या डोंगरी आघाडीवर राहणारे कोटणीसच उरले. बसू येनानला काम करत राहिले.

१९४०च्या मोठ्या लढाईत कोटणीसांकडं तेरा दिवसांत आठशेहून जास्त जखमी आले. एकदा तर तीन दिवस, तीन रात्री त्यांनी डोळा मिटला नाही. पण हे आकडे भाषणात नेहमी येतात. त्यामागं कोण होतं, ते कमी येतं. त्या भागात दवाखान्याला इमारत नव्हती. जखमी माणसं शेतकऱ्यांच्या घरात, त्या खांगवर ठेवायची. पट्ट्या धुऊन, उकळून परत वापरायच्या. जखमींना डोल्यांवर वाहून आणणारे गावकरीच. आणि सैनिकांच्या पायातले बूट गावच्या बायका शिवत. जुन्या चिंध्यांचे थर एकावर एक चिकटवून, तागाच्या दोऱ्यानं ठासून टाके घातले की तळवा तयार. आपण वाकळ शिवतो ना, तिचीच ही बहीण. गावोगाव बायकांची मंडळं होती, प्रत्येक मंडळानं ठरलेले जोड करून द्यायचे. त्यांतल्या थोरल्या बायकांचे स्वतःचे पाय लहानपणी बांधून तोकडे केलेले होते. ज्यांना नीट चालता येत नव्हतं, त्यांनी फौजेला चालतं ठेवलं. चीनच्या इतिहासात मला सगळ्यांत जास्त हे लक्षात राहतं.

१९४१च्या जानेवारीत कोटणीस तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून त्याच भागात काम करताना १९३९मध्ये वारले होते, त्यांच्या नावाचं हे रुग्णालय. जवळच गकुंग गावात परिचारिका आणि डॉक्टर घडवणारी शाळा होती. गावकरी कोटणीसांना 'लाओ के' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत 'के दादा' म्हणा.

त्या शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशी १९४१च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. दोघांची पहिली भेट बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात झाली होती. चिंग-लान शिकलेल्या, इंग्रजी येणाऱ्या, घर सोडून आघाडीवर आलेल्या. म्हणजे परक्या गावात नवीन असलेल्या त्याही. २३ ऑगस्ट १९४२ला मुलगा झाला. सेनापती नीये रुंग-चेन यांनी त्याचं नाव ठेवलं 'यिन-हुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

त्याच साली तिथं दुष्काळ. लोक झाडपाल्यावर आले. नीये यांनी हुकूम काढला होता, की गावाजवळच्या झाडांचा पाला सैनिकांनी तोडायचा नाही, तो गावकऱ्यांसाठी राहू द्यायचा. आपल्याकडच्या ज्या आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या, त्यांना या हुकुमाची किंमत कळेल.

कोटणीसांना फिट्स येऊ लागल्या होत्या. उपचारासाठी बाहेर जा, असं वरिष्ठांनी सांगितलं. तेव्हाही ते गेले नाहीत. दिवसा शस्त्रक्रिया आणि वर्ग, रात्री चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायचे. ते अर्धंच राहिलं. ९ डिसेंबर १९४२ला पहाटे ते गेले. वय बत्तीस. यिन-हुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

एका वर्षाची बोली होती, हे मी मघाशी सांगितलं.

१९४६मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा सिनेमा काढला. कोटणीस ते स्वतः, चिंग-लान झाल्या जयश्री. सिनेमा चांगला आहे, जरूर बघा. पण तो संपतो तिथून चिंग-लान यांना पुढं सत्तर वर्षं जगायचं होतं. यिन-हुआही डॉक्टरकी शिकत होता, १९६७मध्ये ऐन पंचविशीत तो गेला. चिंग-लान यांनी तरीही सासरशी नातं तोडलं नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, नणंदांना भेटल्या. त्यांनी नवऱ्याबरोबरच्या दिवसांच्या आठवणीही लिहून ठेवल्या. २०१२च्या जूनमध्ये त्या गेल्या.

कोटणीसांची समाधी शिच्याच्वांग शहरात आहे, बेथून यांच्या समाधीच्या समोर. एप्रिलमध्ये चिनी लोक आपल्या पितरांच्या समाध्या झाडून फुलं वाहतात, तेव्हा तिथंही फुलं वाहतात. त्याच शहरात कोटणीसांच्या नावाची वैद्यकीय शिक्षण देणारी एक शाळा आहे. अंगणात त्यांचा पुतळा आहे. शिक्षण पुरं झालं की मुलं-मुली त्यासमोर उभं राहून रोग्यांच्या सेवेची शपथ घेतात. त्या मुलींना सोलापूर कुठं आहे ते सांगता येईलच असं नाही, पण के ती-हुआ कोण, हे त्यांना माहीत असतं.