बिऱ्हाडाची एकेरी वाट

स्थलांतराच्या साहित्याची चर्चा करताना आपण विस्थापितांच्या मनाविषयी पुष्कळ बोलतो. बिऱ्हाड कशातून गेले, हे क्वचितच विचारतो. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मधील (१९३९) जोड कुटुंब चीजवस्तू अवघ्या १८ डॉलर्सना फुंकून टाकते आणि जुन्या हडसन मोटारीचा ट्रक करून ओक्लाहोमा सोडते. वाहन विकतच घ्यावे लागले, कारण भाड्याचा ट्रेलर सहसा घेतला तिथेच परत करावा लागे. आणि परतण्यासाठी कुणी घर मोडत नाही!

१९४५ मध्ये नौदलातून मुक्त झालेल्या लेनर्ड शोएन यांना लॉस एंजेलिसहून पोर्टलंडला सामान नेताना हीच अडचण आली. पत्नी ॲना मेरी यांच्यासह, ५,००० डॉलर्सच्या भांडवलावर, त्यांनी वॉशिंग्टन राज्यातील रिजफील्ड येथे ‘यू-हॉल’ सुरू केली. पेट्रोल पंपांचे मालक कमिशनवर ट्रेलर देत. दुसऱ्या गावचा पंप तो परत घेई. भाडे दिवसाला २ डॉलर्स.

अर्थात ट्रेलर ओढायला आधी स्वतःची मोटार हवी. जोड कुटुंबाजवळ तीही नव्हती. म्हणून या सोयीला ‘सर्वांचे स्वातंत्र्य’ म्हणणे मला पटत नाही. कंपनीचे भाड्याचे ट्रक १९५९ मध्ये आले.