परंड्यात मलिक अंबरचं घर

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा राजवाडा बघता येतो. जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून तो जपलाय. लखुजींच्याच काळात निजामशाहीसाठी लढलेल्या मलिक अंबरचं घर मात्र कुणी दाखवत नाही. मी शोधत परंड्याला गेलो, तर हाती लागला किल्ला.

खंदक ओलांडून आत गेलं की मशीद लागते. तिचे खांब जुन्या देवळांचे. तिथे सावलीत बसून मी १६०० सालाचा विचार करत होतो. त्या ऑगस्टमध्ये मुघलांनी अहमदनगर घेतलं, सुलतान कैद झाला. राज्य बुडालंच होतं. अंबरने राजघराण्यातला एक तरुण शोधला, त्याला मुर्तजा निजामशाह म्हणून परंड्यात गादीवर बसवलं आणि आपली मुलगी दिली. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस सुलतानाचा सासरा झाला! पुढची पंचवीसेक वर्षं त्याने मुघलांना दमवलं. १६२४ मध्ये भातवडीला शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. शाळेच्या पुस्तकातून मला तो गनिमी काव्याच्या एका ओळीपुरताच आठवतो.

मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफही काही काळ इथेच होती. १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली, त्यामुळे सेल्फी तिथे निघतात. अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर खुलताबादला आहे, परंड्यापासून बरीच लांब. राजा बसवला ती जागा मात्र इथेच, या तटांच्या आत. बुरुजावर गवत वाढलं होतं. मी उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.