आकड्यांचे माहेर : सिग्नलयुक्त चौकांच्या वाहतूक-प्रतिमानांचे अंशशोधन आणि हिंगोली जिल्हा

चौकातील हिरवा दिवा किती सेकंद ठेवावा, हे ठरविण्यासाठी जी गणिते मांडली जातात, त्यांच्या मुळाशी काही मोजके स्थिरांक असतात. हे स्थिरांक निसर्गनियमांप्रमाणे सार्वत्रिक नसतात. ते कोठेतरी, कधीतरी, विशिष्ट वाहनांच्या रांगा प्रत्यक्ष मोजून मिळविलेले असतात. एखादे प्रतिमान दुसऱ्या स्थळी वापरावयाचे झाल्यास तेथील मोजमापांशी ते जुळवून घ्यावे लागते. या जुळवणीलाच अंशशोधन म्हणतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे दुचाकी, रिक्षा, काळी-पिवळी, ट्रक आणि हळदीने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली एकाच रांगेत उभी राहते, तेथे या आकड्यांची वंशावळ तपासणे केवळ पुराणवस्तुसंशोधनाचा विषय राहत नाही.

हिरवा दिवा लागताच वाहने कशी सुटतात याचे पद्धतशीर निरीक्षण अमेरिकेत ब्रूस ग्रीनशील्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते १९४७ साली येल विद्यापीठाच्या वाहतूक विभागातर्फे प्रसिद्ध झाले. रांगेतील पहिल्या काही मोटारींना निघण्यास अधिक वेळ लागतो, आणि त्यानंतर दोन मोटारींमधील कालांतर जवळजवळ स्थिर होते, असे त्यातून दिसून आले. आरंभी वाया जाणारा काळ आणि नंतरचा स्थिर प्रवाह ही पुढील सर्व प्रतिमानांची दोन मूळ अंगे ठरली. या स्थिर प्रवाहास संतृप्त प्रवाह असे नाव आहे. दिवा तासभर हिरवाच राहिला आणि रांग संपलीच नाही, तर जितकी वाहने रेषा ओलांडतील तितका तो प्रवाह.

इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत एफ. व्ही. वेब्स्टर यांनी १९५८ साली या कल्पनेला तिचे प्रसिद्ध रूप दिले. त्यांच्या सूत्रानुसार चौकाला येणाऱ्या रस्त्याची दर फूट रुंदी ताशी १६० प्रवासी-मोटार एकके सोडते. मीटरमध्ये हाच आकडा ५२५ होतो. वेब्स्टर यांच्या विलंबसूत्राची तीन पदे आहेत. पहिली दोन गणिती तर्काने निघतात. तिसरे पद मात्र संगणकावर कृत्रिम वाहतूक चालवून आलेल्या निष्कर्षांशी जुळवून बसविलेले आहे, आणि व्यवहारात ते बहुधा गाळून पहिल्या दोन पदांची बेरीज ०.९ ने गुणली जाते. म्हणजे अंशशोधन ही अलीकडील संगणकयुगाची देणगी आहे, ही समजूत बरोबर नाही. या शास्त्राच्या पायाभूत सूत्रातच ते १९५८ पासून बसलेले आहे.

वेब्स्टर यांच्या तक्त्यातील अरुंद रस्त्यांचे आकडे विशेष लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहेत. दहा फूट रुंदीस १८५०, तेरा फुटांस १९५०, आणि सोळा फुटांस २४७५. पहिली तीन फुटे वाढविली की शंभराची भर पडते, आणि पुढची तीन वाढविली की सव्वापाचशेंची. या विषम वाढीचे कारण मोटारीच्या रुंदीत आहे. तेरा फुटांपर्यंत मोटारींची एकच रांग राहते, आणि रुंदी थोडी वाढली तरी ती रुंदी रिकामीच पडून राहते. त्यापुढे दोन मोटारी शेजारी शेजारी शिरू लागतात, म्हणून आकडा एकदम चढतो. ही पायरी रस्त्याच्या भूमितीतून आलेली नसून तेथे धावणाऱ्या वाहनाच्या आकारातून आलेली आहे. ज्या रांगेत निम्म्याहून अधिक दुचाकी आहेत, तिच्यात अशी पायरी असण्याचे कारण नाही, कारण तेथे प्रत्येक वाढीव फूट कोणी ना कोणी लगेच व्यापतो. तरीही हा तक्ता मीटरमध्ये रूपांतरित होऊन भारतीय पाठ्यपुस्तकांत पोहोचला आणि दीर्घकाळ तेथे टिकून राहिला.

तो येथे आला त्या वाटेत महाराष्ट्राचा वाटा आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. या समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९४३ साली मुख्य अभियंत्यांच्या नागपूर परिषदेने देशाच्या रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली. त्या वेळी हिंगोली नागपूरपासून फार दूर नसली तरी निझामाच्या राज्यात होती. पैनगंगेच्या उत्तरेस वऱ्हाड आणि दक्षिणेस मराठवाडा अशी ती सीमा होती. रस्त्यांविषयीचे शास्त्र मराठी मुलखात आकार घेत असताना हिंगोली त्याच्या उंबरठ्याबाहेर राहिली, असे म्हणावयास हरकत नाही. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८५ साली सिग्नलविषयक मार्गदर्शिका (क्रमांक ९३) काढली, आणि तीत ५२५ हाच आकडा स्वीकारला. या स्वीकाराला दोष देणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. अन्य कोणता आकडा त्या काळी देशभर लागू करता आला असता? अडचण निराळ्याच ठिकाणी होती. आकडा आला, पण त्याचे एकक मात्र सोबत आले नाही. वेब्स्टर यांच्या एककात मोटार १, मध्यम व जड मालवाहन १.७५, बस २.२५, ट्राम २.५, मोटारसायकल व स्कूटर ०.३३, आणि पायसायकल ०.२ होती. या यादीत ऑटोरिक्षा नाही आणि शेतीचा ट्रॅक्टरही नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत (क्रमांक १०६) भारतीय वाहनांसाठी एकके दिली गेली. एकूण वाहतुकीत त्या वाहनाचे प्रमाण पाच टक्के असल्यास एक, आणि दहा टक्के वा अधिक असल्यास दुसरे, अशी त्यांची दुहेरी मांडणी आहे. दुचाकीस ०.५ व ०.७५, रिक्षास १.२ व २.०, ट्रक वा बसला २.२ व ३.७, ट्रॅक्टर-ट्रॉलीस ४.० व ५.०. वाहनाचे वजन त्याच्या संख्येबरोबर बदलते, ही मान्यता या तक्त्यातील खरी पुढची पायरी होय. तथापि हा तक्ता दोन चौकांमधील वाहत्या रस्त्यासाठी आहे, सिग्नलच्या रेषेसाठी नव्हे. वेब्स्टर यांच्या चौकात ०.३३ असलेली स्कूटर येथे ०.७५ कशी झाली, असे विचारणारा या दोन तक्त्यांत विरोध आहे असे समजतो. वस्तुतः विरोध नाही. तांबड्या दिव्याशी दुचाकीस्वार मोठ्या वाहनांच्या फटींतून पुढे सरकून रेषेशी गोळा होतात, आणि हिरवा होताच मोटारींच्या आरंभीच्या रेंगाळण्यातच बाहेर पडतात. वाहत्या रस्त्यावर तीच दुचाकी आपल्या बाजूंना व मागे-पुढे मोकळी जागा ठेवून चालते. प्रवासी-मोटार एकक हा वाहनाचा गुणधर्म नाही. वाहन, जागा आणि शेजारी यांच्या संबंधाचा तो आकडा आहे.

उदाहरणादाखल एक कल्पित रांग घेऊ. सात मीटर रुंद रस्ता, नव्वद सेकंदांचे आवर्तन, प्रभावी हिरवा काळ तीस सेकंद. ५२५ प्रमाणे संतृप्त प्रवाह ३६७५, आणि त्याच्या एकतृतीयांश म्हणजे १२२५ एकके ही क्षमता. तासाला ६०० दुचाकी, १५० रिक्षा, १५० मोटारी, ४० ट्रक व बस आणि ३० ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात असे समजू. १९९० च्या तक्त्याने या सर्वांची बेरीज ११०८ एकके होते. दुचाकींना मात्र वेब्स्टर यांचे ०.३३ दिले तर ती ८५६ वर येते. पहिल्या हिशेबात चौक क्षमतेच्या नव्वद टक्के भरलेला, दुसऱ्यात सत्तर. विलंबसूत्राच्या दुसऱ्या पदात, म्हणजे वाहनांच्या अनियमित आगमनामुळे होणाऱ्या विलंबात, हा फरक अधिकच फुगतो. सुमारे ३.४ सेकंदांचे तेथे सुमारे १३.९ सेकंद होतात, जवळजवळ चौपट. रस्ता तोच, वाहने तीच. एका हिशेबाने चौक रुंद करावा लागतो आणि दुसऱ्याने करावा लागत नाही. नगरपरिषदेच्या तिजोरीच्या दृष्टीने हा फरक पुस्तकी नव्हे.

दरम्यान एककाचा विचारच बदलू लागला होता. सतीशचंद्र व पी. के. सिकदर यांनी २००० साली मांडलेल्या रीतीत एकक हे मोटारीच्या व त्या वाहनाच्या वेगांच्या गुणोत्तरास त्यांच्या जमिनीवरील क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने भागून काढले जाते. यामुळे कोणत्याही तक्त्याशिवाय स्थळावरच ते काढणे शक्य झाले. दुसरीकडे जर्मनीतील कार्ल्सरूए येथे विडेमान यांनी १९७४ साली चालकाच्या प्रतिक्रियेवर रचलेल्या प्रतिमानातून व्हिसिम नावाची संगणकीय प्रणाली विकसित झाली. तीत प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे चालते. थांबलेल्या दोन वाहनांतील अंतरासारखी मूल्ये वापरणाऱ्याने द्यावयाची असतात. न दिल्यास जर्मन मूल्ये आपोआप धरली जातात. वेब्स्टर यांच्या ५२५ चीच ही नवी आवृत्ती होय. फरक इतकाच की पूर्वी परका आकडा डोळ्यांसमोर छापलेला असे, आता तो यंत्राच्या पोटात दडलेला असतो.

मुंबईच्या आयआयटीतील टॉम मॅथ्यू आणि राधाकृष्णन यांचा २०१० चा लेख या टप्प्यावर महत्त्वाचा ठरतो. मार्गिका न पाळणाऱ्या मिश्र वाहतुकीच्या सिग्नलयुक्त चौकांसाठी सूक्ष्म प्रतिमानाचे अंशशोधन कसे करावे, हाच त्याचा विषय आहे. प्रथम कोणती मूल्ये बदलली असता निष्कर्ष लक्षणीय बदलतो हे तपासावयाचे. मग प्रत्येक वाहनप्रकारासाठी ती मूल्ये वेगळी धरून जनुकीय शोधपद्धतीने अशी शोधावयाची की संगणकातील विलंब आणि चौकात मोजलेला विलंब यांतील तफावत कमीत कमी राहील. दुचाकीची मूल्ये बसपासून वेगळी धरणे ही वरवर साधी भासणारी गोष्ट येथे निर्णायक आहे. पुढे त्याच संस्थेतील संशोधकांनी रस्ता मार्गिकांऐवजी अरुंद पट्ट्यांत विभागण्याची रीत मांडली, जेणेकरून लहान वाहनास एखादी, आणि मोठ्यास अनेक पट्ट्या व्यापता येतील. तेरा फुटांची ती जुनी पायरी या मांडणीत उरत नाही.

दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने, मुंबईच्या आयआयटीसह निरनिराळ्या शिक्षणसंस्थांच्या सहकार्याने, २०१७ ची भारतीय महामार्ग क्षमता पुस्तिका सिद्ध केली. सिग्नलयुक्त चौकांसाठी तीत स्वतंत्र प्रकरण आहे. दर मीटरचा संतृप्त प्रवाह तेथे सर्व रुंदींना एकच धरलेला नाही, आणि सिग्नलवरील एककेही स्वतंत्र आहेत. १९८५ आणि १९९० या दोन मार्गदर्शिकांमध्ये निर्माण झालेली गल्लत अशा रीतीने दूर झाली.

हिंगोलीच्या बाबतीत मात्र एक प्रश्न या पुस्तिकेनंतरही शिल्लक राहतो, आणि तो ऋतूंचा आहे. अकोला-नांदेड मार्गावरचे हे शहर आणि त्याच जिल्ह्यातील वसमत या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा. हळद काढून, शिजवून, वाळवून उन्हाळ्यात बाजारात येते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. हिवाळ्यात वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्याकडे ऊस वाहिला जातो. महाशिवरात्रीस औंढा नागनाथकडे आणि दसऱ्यास हिंगोलीच्या मैदानाकडे लोटणारी गर्दी पूर्णतः वेगळ्या प्रकारची. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खालून दहाच्या वर गेले की तिचे एकक चारावरून पाच होते, हे १९९० चा तक्ताच सांगतो. लादलेली ट्रॉली हिरव्या दिव्यावर किती सेकंदांत हलते, हे मात्र तो सांगत नाही. अंशशोधनासाठी एक मोजणी आणि पडताळ्यासाठी दुसरी स्वतंत्र मोजणी, हा नियम सर्वमान्य आहे. येथे मात्र ती दुसरी मोजणी दुसऱ्या दिवशीची असून भागणार नाही. जुलैतील मोजणीने जुळविलेले प्रतिमान एप्रिलच्या मोजणीशी पडताळून पाहावे लागेल, आणि त्यासाठी निरीक्षकाला बाजार समितीच्या आवकेची पंचांगासारखी नोंद जवळ बाळगावी लागेल.