परळचे दप्तर

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात, पावसाळा सरता सरता, मुंबईच्या मांडवी भागातील रोग्यांना तपासून मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच होय असे निदान उघडपणे सांगितले, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत ज्यांना शक्य झाले त्यांनी घराला कुलूप लावून गावाकडची वाट धरली. या साथीने मुंबई इलाख्यात किती घरे उजाड केली, त्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु प्रत्येक मोठी साथ आपल्यामागे मृतांच्या स्मृतीबरोबर कागदांचाही एक संचय ठेवून जाते, आणि त्या कागदांवर हक्क कोणाचा, ते कोणाच्या हाती पडावेत व केव्हा, या प्रश्नाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. मुंबईच्या प्लेगच्या संशोधनाकडे मी याच दृष्टीने पाहणार आहे, कारण साथीच्या दुःखातून निपजलेले ज्ञान ज्यांनी ते दुःख सोसले त्यांच्या मालकीचे असते, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.

या कथेचा आरंभ दोन वर्षे आधी हाँगकाँग येथे होतो. १८९४ साली तेथे प्लेग उसळला असता जपानचे शिबासाबुरो कितासातो आणि पाश्चर यांच्या परंपरेतील अलेक्झांडर येर्सिन हे दोघे जवळजवळ एकाच वेळी रोगजंतूच्या शोधार्थ येऊन पोहोचले. कितासातो यांना इस्पितळातील प्रेते व प्रयोगाची जागा सहज उपलब्ध झाली. येर्सिन यांना मात्र गवताने शाकारलेल्या झोपडीत आपले सूक्ष्मदर्शक मांडावे लागले. कितासातो यांचे निवेदन त्याच ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, परंतु त्यांच्या वर्णनात विसंगती होती, त्यांच्या संवर्धनात दुसरे जंतू मिसळले असावेत असा संशय पुढे बळावला, आणि अखेरीस त्या जंतूला येर्सिन यांचेच नाव मिळाले. आणीबाणीच्या काळी सत्वर प्रसिद्धी हे शास्त्रज्ञाचे कर्तव्य असते. पण सत्वर छापलेले सारे निःशंक मानावे असे मात्र नाही, हा धडा त्या साथीने आरंभीच देऊन ठेवला.

मुंबईत साथ येताच सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. ओडेसा येथे जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले आणि कलकत्त्याकडे पटकीची लस टोचण्याचे कार्य केलेले हे शास्त्रज्ञ ऑक्टोबरमध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात येऊन राहिले. त्यांच्या वाट्याला एक खोली व एक पडवी आली, आणि दिमतीला एक कारकून व तीन पट्टेवाले. मांसरसाने भरलेल्या चंबूत त्यांनी तूप सोडले. रसावर तरंगणाऱ्या त्या थेंबांना बिलगून प्लेगचे जंतू खाली लोंबू लागत, गुहेच्या छतातून चुन्याचे सुळके लोंबावेत तसे, आणि चंबू हलविताच ते तुटून तळाशी बसत व तुपाखाली नवे सुळके धरू लागत. आपल्या देवघरातील निरांजनात जळणारे तूप मृत्यूवरील उताऱ्याच्या कामी आले, हे दृश्य मला फार हृद्य वाटते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस, चांगली दहा घनसेंटिमीटर, प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळ येथील जुन्या गव्हर्मेंट हाऊसमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेची स्थापना झाली. तिलाच १९२५ पासून हाफकिन संस्था हे नाव आहे.

परंतु ज्या रयतेसाठी हे सारे चालले होते तिला त्यातले काय कळत होते? साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये आला, आणि पुण्यात त्याचा अंमल गोऱ्या शिपायांच्या बुटांच्या आवाजाने लोकांना कळला. घरांची झडती, सामानाची होळी, माणसांची ताटातूट, यांतील कशाचेही कारण त्यांच्या भाषेत, त्यांना पटेल अशा शब्दांत, समजावून सांगण्याची तजवीज पुरेशी झाली नाही; त्या संतापाचा स्फोट २२ जूनच्या रात्री तेथील प्लेग-बंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी रँड यांच्यावरील प्राणघातक हल्ल्यात झाला. त्याच वर्षीच्या १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. एकीकडे ज्ञान कुलूपबंद, दुसरीकडे हुकूम मात्र दारावर धडकत असलेला, अशा स्थितीत शास्त्रावर लोकांचा विश्वास बसावा तरी कसा?

याहून खेदाची गोष्ट अशी की, लोकांपाशी जे ज्ञान होते त्याचीही कोणी कदर केली नाही. ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द कानी येताच खेड्यातील माणसे घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. उंदरांचा मृत्यू आणि माणसांचा मृत्यू यांतील नाते त्यांनी अनुभवाने ओळखले होते. ते नाते कसे जुळते हे पाश्चर संस्थेचे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ च्या जूनमध्ये कराचीत दाखवून दिले: काचेच्या बरणीत पिसवा असलेला रोगी उंदीर ठेवून त्यांनी निरोगी उंदराचा लहानसा पिंजरा वर टांगला, खालचा मेला आणि, अंगाला अंग न लागता, काही दिवसांत वरचाही प्लेगने मेला. हा शोध त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परंतु नंतर आलेल्या प्लेग कमिशनने त्याला मान्यता दिली नाही आणि पुढील कित्येक वर्षे सामानसुमान धुण्याजाळण्यावरच भर राहिला. छापले जाणे आणि पोहोचणे यांमध्ये केवढे अंतर असते!

त्याच सुमारास कागद दडवून ठेवण्याचे फळ खुद्द हाफकिन यांना भोगावे लागले. १९०२ च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी समितीने बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच, ती दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला, हाफकिन यांना आपले पद गमवावे लागले, आणि साक्षीपुराव्याचे कागद सुमारे चार वर्षे सरकारी दप्तरात पडून राहिले. ते प्रसिद्ध झाले तेव्हा बाहेरच्या शास्त्रज्ञांना प्रथमच मूळ जाबजबाब वाचता आले: बाटली उघडताना हाताखालच्या माणसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि उघडलेल्या बाटलीला कसलाही वास आला नव्हता, धनुर्वाताचे जंतू आठवडेच्या आठवडे आत वाढत असते तर दुर्गंधी आल्यावाचून राहती ना. रोनाल्ड रॉस प्रभृती दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिन यांचा पक्ष मांडला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस ते दोषमुक्त झाले. चौकशी झाली तेव्हापासून खरी हकीकत कागदावर होतीच. न्यायाला विलंब झाला तो मुख्यतः कागद उघडण्यास झालेल्या विलंबामुळे.

याउलट उदाहरणही परळनेच घालून दिले. १९०५ मध्ये भारतमंत्री, रॉयल सोसायटी आणि लिस्टर संस्था यांच्या विद्यमाने नवे संशोधक-मंडळ मुंबईत कामाला लागले. ग्लेन लिस्टन हे त्यांतील एक. या मंडळाने परळच्या आवारात मुद्दाम खोल्या बांधून त्यांत रोगी प्राणी व पिसवा सोडल्या आणि गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरील पिंजऱ्यातील प्राणी प्लेगने मरत, दोन फुटांवरील जगत. पिसवेची उडी जेथे संपते तेथेच मृत्यूची सीमा संपते, हे त्या पिंजऱ्यांनी स्वच्छ सांगितले. सिमाँ खरे ठरले, आणि माळावर जाऊन राहणारा खेडूतही. मंडळाने हे सारे प्रयोग, यशस्वी आणि फसलेले, कोष्टकांसह १९०६ पासून ‘जर्नल ऑफ हायजीन’च्या खास प्लेग-अंकांत छापले, आणि जगातील कोणत्याही प्रयोगशाळेला ते पडताळून पाहता आले.

शंभरांहून अधिक वर्षांनी कोरोनाची साथ आली तेव्हा हेच प्रश्न नव्या वेषात समोर उभे राहिले. ११ जानेवारी २०२० रोजी चीनमधील झांग योंगझेन यांच्या चमूने उलगडलेला विषाणूचा जनुकक्रम त्यांचे सहकारी एडवर्ड होम्स यांनी सर्वांस खुला केला, आणि जगभर लसीचे काम त्याच दिवसांत सुरू झाले. मोठमोठ्या प्रकाशकांनी वर्गणीची कुलपे काढून कोरोनाविषयक निबंध मोफत केले, जरी ती सवलत बहुतांशी साथीपुरतीच होती. तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वीचे मसुदे प्रीप्रिंट म्हणून रोज वाचले जाऊ लागले. कितासातो यांचा धडाही पुन्हा गिरवावा लागला: या विषाणूत एड्सच्या विषाणूशी विलक्षण साम्य असल्याचे सांगणारा दिल्लीतील संशोधकांचा मसुदा टीकेनंतर थोड्याच दिवसांत मागे घेण्यात आला, आणि जूनमध्ये ‘लॅन्सेट’सारख्या प्रतिष्ठित नियतकालिकालाही अविश्वसनीय आकड्यांवर आधारलेला निबंध रद्द करावा लागला. मात्र ध्यानात घ्यावे असे की, हे दोष जगापुढे आले ते अनेकांच्या डोळ्यांना ते कागद दिसत होते म्हणून. मुलकोवालप्रमाणे चार वर्षे वाट पाहावी लागली नाही. खुलेपणातून चूक पसरते हे खरे, पण चुकीचा इलाजही खुलेपणातच आहे.

म्हणून, साथीच्या काळात जे खुले करणे धर्म होय, ते साथ ओसरताच बंद करणे मला अन्याय्य वाटते. रोग्याने आपले रक्त आणि करदात्याने आपला पैसा काही मुदतीच्या बोलीवर दिलेला नसतो. त्या जुन्या प्लेग-अंकांचे आता संगणकीकरण झाले असून ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांत एका प्रकरणाचा विषय शीव, वडाळा, परळ आणि वरळी या त्या वेळच्या खेड्यांतील साथीचे निरीक्षण हा आहे. ज्या वस्तीत उंदीर कधी पडले आणि माणसे त्यांच्यामागून कधी पडली याची तारीखवार नोंद परक्या भाषेत होऊन सातासमुद्रापार छापली गेली, त्याच वस्तीतला एखादा विद्यार्थी आज आपल्या खोलीत बसून ते पान उघडू शकतो. आता एवढेच उरले आहे की, त्याने ते आपल्या आजीला मराठीत वाचून दाखवावे.