कामठीचा पोलीस, पवनारचे विनोबा आणि आमचे बाबा



आज एका पोलीस अधिकाऱ्याबद्दल लिहितो आहे. नाव खुसरो फरामुर्झ रुस्तमजी. सगळे त्यांना के. एफ. रुस्तमजी म्हणायचे. मध्य प्रदेशच्या पोलिसांचे प्रमुख, पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक. एवढा मोठा माणूस आपल्या नागपूरशेजारच्या कामठीचा, पण आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही त्यांची खरी ओळख पटायला बरीच वर्षं लागली. आणि ती पटली तेव्हा स्वतःचीही थोडी पटली, जी काही फारशी चांगली नव्हती. ते शेवटी सांगतो.

हे नाव आमच्या बोरगावच्या घरात आलं तेच भांडणातून. साल १९६०, उन्हाळ्याचे दिवस. मी दहा वर्षांचा. तेव्हा बोरगावात कारखाने नव्हते. नागपूर-छिंदवाडा रस्ता, आजूबाजूला संत्र्याच्या बागा, आणि सौंसरला छोटी गाडी. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत यायचं. बाबा ओसरीत बसून ते मोठ्यानं वाचायचे आणि चार लोक ऐकायला जमायचे.

बाबा विनोबांना मानणारे. पवनारच्या आश्रमात दोनदा जाऊन आलेले, घरात चरखा. त्या मे महिन्यात विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी फिरत होते आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या होत्या. बाबांचा ऊर भरून आला होता. आणि लगेच बातमी आली की राज्याच्या पोलीस प्रमुखानं ह्या कामावर उघड टीका केली. डाकूंचे असे सत्कार झाले तर जीव धोक्यात घालणाऱ्या पोलिसांचं मनोधैर्य खचेल, असा त्याचा आशय.

बाबांनी पेपर खाली आपटला. "इनोबावर बोलतो! इनोबा आपले, हा कोन?"

काका शांतपणे म्हणाले, "हा बी आपलाच हाय दादा. कामठीचा."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला मात्र ते नाव पक्कं पाठ झालं.

आता थोडा इतिहास, नव्या पिढीसाठी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. त्याआधी आपण सगळे जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी होती नागपूर. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, त्याच्यासोबत सौंसर आणि पांढुर्णाही. घरात मराठी, बाजार नागपूरचा, सोयरिकी काटोल-सावनेरच्या, आणि राजधानी भोपाळ. रुस्तमजींचंही एका अर्थानं असंच झालं. जन्म २२ मे १९१६, कामठीच्या पारशी घरात. नागपूरच्या सायन्स कॉलेजात थोडे दिवस शिकवण्याचं काम, आणि १९३८ मध्ये जुन्या मध्य प्रांतात इंडियन पोलीसची नोकरी. राज्याचे तुकडे झाले तेव्हा तेही नव्या मध्य प्रदेशाच्या वाट्याला आले.

पण तेव्हा ते दिल्लीत होते. १९५२ ते १९५८ ही सहा वर्षं त्यांच्यावर पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी होती. नेहरूंना पहारा आवडायचा नाही, गर्दी दिसली की ते सरळ आत शिरायचे. अशा माणसाला सांभाळायचं आणि त्याच्या नजरेत खुपायचंही नाही. रुस्तमजी ह्या सगळ्याची डायरी लिहीत. पुढे त्या डायऱ्यांतून पुस्तकं निघाली.

१९५८ मध्ये ते मध्य प्रदेशचे आय.जी. झाले. त्या काळी राज्याच्या पोलिसांचा सगळ्यात मोठा साहेब म्हणजे आय.जी.; डी.जी.पी. हे पद नंतरचं. पुढची सात वर्षं ते तिथे होते आणि पहिलं काम होतं चंबळचं. भिंड-मुरैनाकडे नदीकाठची जमीन पावसानं चिरून खोल घळी झालेल्या आहेत, तिकडे त्यांना बीहड म्हणतात. त्यात टोळ्या लपायच्या. एक टोळी गब्बरसिंगची. 'शोले'तलं नाव तिथूनच आलं, पण हा खरा गब्बर लोकांची नाकं-कान कापायचा. भिंड भागात १३ नोव्हेंबर १९५९ ला तो पोलिसांच्या गोळीनं मेला. दुसऱ्या दिवशी नेहरूंचा सत्तरावा वाढदिवस होता, आणि रुस्तमजींनी ही बातमी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून कळवली असं सांगतात.

म्हणजे १९६० मध्ये चंबळमध्ये दोन माणसं समोरासमोर आली होती, आणि दोघंही आपल्याच भागातली. एक वर्ध्याजवळच्या पवनारचा संत, दुसरा कामठीचा पोलीस. एक म्हणत होता, डाकूच्या आतही माणूस आहे. दुसरा म्हणत होता, ज्यांची नाकं कापली तीही माणसंच आहेत, आणि त्यांच्यासाठी मेले ते शिपाईही. बाबांसाठी उत्तर सोपं होतं. बाबांचं तेच माझं.

ते डळमळलं ते मी बँकेत लागल्यावर. नागपूरहून बी.कॉम. केलं, बँकेत निवड झाली, आणि १९७४ मध्ये पहिलीच मोठी बदली मुरैना जिल्ह्यात. १९७२ च्या एप्रिलमध्ये तिथल्याच जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे मोठमोठ्या टोळ्यांनी शस्त्रं ठेवली होती, त्यामुळे दिवस बरे होते. तरी लोक खांद्यावर दुनाली टाकून बँकेत यायचे आणि काउंटरला टेकवून पैसे मोजायचे. तिथे डाकू हा शब्द फक्त पोलीस वापरायचे, गावकरी म्हणायचे बागी. पण एक म्हातारी पेन्शनसाठी यायची, तिचा मुलगा शिपाई होता, चकमकीत गेलेला. तिच्यासमोर मी एकदा सहज बागी म्हणालो. ती काहीच बोलली नाही. आपलं पासबुक उचललं आणि निघून गेली. रुस्तमजींचं म्हणणं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाबांना मात्र हे सांगायची हिंमत झाली नाही.

तोवर रुस्तमजी फार पुढे गेले होते. १९६५ पर्यंत पाकिस्तानलगतची सीमा ज्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळत. त्या वर्षी कच्छमध्ये आणि नंतर युद्धात त्याची मर्यादा दिसली, म्हणून १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. राज्याराज्यांच्या २५ बटालियन गोळा करून एक दल करायचं होतं. हे काम रुस्तमजींकडे आलं आणि १९७४ पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लोंढे आले तेव्हा सीमेवर सगळ्यात आधी हेच दल उभं होतं. बांगलादेशाचे पुढे पंतप्रधान झालेले ताजुद्दीन अहमद जीव वाचवून आले तेव्हा त्यांना भेटणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यांत रुस्तमजी होते, आणि मुक्तिवाहिनीला सुरुवातीची मदतही ह्याच दलानं केली.

एवढ्यावर माणूस निवृत्त झाला असता तरी पुरे होतं. पण मला त्यांचं जे काम सगळ्यात मोठं वाटतं, ते त्यांनी निवृत्तीनंतर केलं, आणि त्याला ना बंदूक लागली ना हुद्दा.

आता माझी गोष्ट. १९७६ ची. आमच्या बागेत कामाला येणारा एक माणूस होता. शेतातली मोटर चोरल्याचा त्याच्यावर आळ आला आणि पोलिसांनी नेलं. जमानत मिळाली, पण जामीनदार हवा होता. त्याची बायको आमच्या ओसरीत येऊन बसली. बाबा शेताची कागदं काढायला उठले. मी सुटीवर घरी आलेलो. मी त्यांना अडवलं. म्हटलं, "बाबा, जामीनदार म्हणजे उद्याचा कर्जदार. हा पेशीला नाही आला तर शेत अडकेल. मी रोज बँकेत हेच पाहतो." बाबा माझ्याकडे बघत राहिले. मुलगा शिकलेला, साहेब झालेला. त्यांनी कागदं परत पेटीत ठेवली.

तो माणूस चौदा महिने आत राहिला. पेशीवर पेशी पडत गेली. शेवटी साक्षीदारच आले नाहीत आणि तो सुटला. परत आला तेव्हा त्याची बायको माहेरी गेलेली होती आणि मुलगा दुसऱ्याकडे गुरं राखत होता. तो आमच्या बागेत पुन्हा कधी आला नाही. रस्त्यात भेटला तर रामराम करायचा, एवढंच.

१९७९ च्या जानेवारीत मी भोपाळला होतो. आमच्या शाखेत 'इंडियन एक्सप्रेस' यायचा. ८ आणि ९ तारखेला त्यात रुस्तमजींचे दोन लेख आले. ते तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते, वय ६२. आयोगाच्या कामानिमित्त बिहारमधले तुरुंग पाहिले आणि जे दिसलं ते लिहिलं. खटला न चाललेले कच्चे कैदी वर्षानुवर्षं आत होते. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ आत काढलेले कितीतरी होते. काही बायकांवर तर कुठलाच आरोप नव्हता. कोणी साक्षीदार म्हणून, कोणी पीडित म्हणून ठेवलेली.

आम्हा बँकवाल्यांकडे सस्पेन्स अकाउंट असतं. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही ती तिथे टाकायची आणि लवकर निकाली काढायची. नाही काढली तर इन्स्पेक्शनवाला ओरडतो. मी ते लेख वाचले आणि मनात आलं, इथे तर जिवंत माणसं सस्पेन्समध्ये टाकून दिली आहेत आणि ओरडणारा कोणी नाही. मग लक्षात आलं की त्यातली एक नोंद माझ्या हातची होती.

ते लेख वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तोच हुसैनआरा खातून खटला. न्यायमूर्ती भगवती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल दिला की खटला लवकर चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणखी एक गोष्ट कोर्टानं सांगितली, जी मला टोचली. आरोपीची मुळं त्याच्या गावात असतील, घरदार तिथे असेल, तर गरिबाला पैशाच्या जामिनासाठी अडवू नका, त्याच्या वैयक्तिक हमीवर सोडा. आमच्या त्या माणसाची मुळं बोरगावात नव्हती तर कुठे होती? देशभरातले सुमारे ४०,००० कच्चे कैदी ह्या खटल्यामुळे सुटले असं सांगतात. आपल्याकडे जनहित याचिकेची सुरुवात ह्याच खटल्यापासून धरतात.

त्या होळीला घरी गेलो. बाबांना कात्रणं दाखवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मी ओळ-ओळ मराठीत सांगितली. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोनं लिवलं हे?"

म्हटलं, "रुस्तमजी. तेच, विनोबांवर बोलले होते ते. कामठीचे."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इनोबा डाकूपाशी गेले, हा जेलात गेला. दोघाईले मानूस दिसला." थोडं थांबून म्हणाले, "आपल्या तर ओसरीत येऊन बसली होती ते बाई."

त्यांनी तुला-मला असं काही म्हटलं नाही. 'आपल्या' म्हटलं. ते अजून टोचतं.

रुस्तमजींना १९९१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २००३ मध्ये ते गेले. कायद्यात २००५ च्या दुरुस्तीनं तरतूद आली होती की कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला, गुन्हा मृत्युदंडाचा नसेल तर, वैयक्तिक हमीवर सोडावं. तरीही आज देशातल्या तुरुंगांत कच्चे कैदीच जास्त आहेत, शिक्षा झालेले कमी.

निवृत्तीनंतर मी एक नियम पाळतो. गावातल्या गरीब माणसावर किरकोळ खटला असेल आणि माणूस ओळखीचा असेल, तर जामीन राहतो. आतापर्यंत सहा वेळा राहिलो. सहाही जण प्रत्येक पेशीला हजर होते. शेत कधी अडकलं नाही.

बाबांची ती कागदांची पेटी अजून आमच्या ओसरीतच आहे.